कंदील करायचाय? आधी कागदाचा ग्रेन बघा

गेल्या दिवाळीत मी हौसेने कार्डपेपरचा कंदील केला आणि दोन दिवसांत त्याच्या पट्ट्यांनी माना टाकल्या. आधी वाटलं कागदच फालतू निघाला, पण चूक माझी होती, कागद आडवा धरून कापलेला.

म्हणजे काय, तर रद्दीतला पेपर घ्या आणि वरून खाली फाडा, सुरीने कापल्यासारखा सरळ फाटत जातो. आता तोच आडवा फाडा, कसाही वेडावाकडा जाईल. मशीनवर पातळ लगदा पुढे पळत असतो ना, तेव्हा त्यातले बरेचसे तंतू त्याच दिशेला लागतात, तोच ग्रेन. हातकागदात हा प्रकार फारसा नसतो, कारण चाळणी हाताने हलवतात आणि तंतू सगळीकडे पसरतात. पुण्यात १९४० पासूनची हातकागद संस्था आहे, तिथला एखादा ताव दोन्हीकडून फाडून बघा (जीवावर येतं, पण बघा).

कार्डपेपर फाडायची गरज नाही, घडी न घालता हलकेच वळवा, ज्या बाजूने नळी पटकन होते त्या नळीच्या उंचीत ग्रेन. तरी शंका असेल तर एक तुकडा एका बाजूने ओला करा, तो स्वतःच तशी नळी करून दाखवतो. मला कागद आवडतो तो यासाठीच, विचारलं की सांगतो.

आता कंदील. ३० बाय २० सेंमीचा तुकडा असा कापा की ग्रेन २० च्या बाजूने येईल. ए४ घेऊ नका, त्यात ग्रेन बहुतेक वेळा लांबीत असतो, माझा घोळ तिथेच झाला. मधोमध ३० सेंमी लांब घडी घालायची, पण ही घडी ग्रेनला आडवी असल्यामुळे कडा फुटते, म्हणून आधी पट्टी धरून संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्या. मग घडीच्या बाजूने दीड-दीड सेंमीवर चिरा द्या, वरचे अडीच सेंमी सोडून, इथे घाई केली की सगळं हातात येतं.

आतली नळी पिवळ्या टिंटेड कागदाची, ३० बाय १७, ग्रेन उभाच. बाहेरचा कागद २० चा आणि आतली नळी १७ ची, त्यामुळे वरखाली कडा जुळवून चिकटवल्या की पट्ट्या आपोआप फुगतात. फेव्हिकॉल बोटाने अगदी पातळ लावा, जास्त झाला की कागद सुरकुततो.

झिरमिळ्या पतंगी कागदाच्या, लांबीत ग्रेन ठेवून, म्हणजे कापताना सरळ जातात. आत एलईडीच लावा, जुना पिवळा बल्ब तापतो. आणि दोरा ओवायच्या भोकाला आतून कार्डाचा छोटा तुकडा चिकटवा, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात तिथून फाटेल.