भिंग आणलं आणि ड्रॉवरमध्ये पडलं? लो व्हिजन एड्स रोजच्या कामाला कशा लावायच्या

मॅक्युला (पडद्याचा मधला भाग, ज्याने बारीक दिसतं) खराब झालाय, काचबिंदू बराच पुढे गेलाय, डायबेटिक रेटिनोपॅथी (मधुमेहाने पडदा खराब होणं) आहे, अशा पेशंटला ट्रीटमेंट देऊन आणि बरोबर नंबरचा चष्मा लावूनही नजर कमीच राहते, यालाच लो व्हिजन म्हणतात. मग घरचे हौसेने एक मोठं भिंग आणून देतात, पेशंट दोन दिवस वापरतो आणि ठेवून देतो. बहुतेक वेळा भिंग वाईट नसतं, ते कोणत्या कामासाठी आणलं हेच ठरलेलं नसतं.

म्हणून आधी कामांची यादी करा. "वाचता येत नाही" एवढं लिहून भागत नाही. औषधाच्या पट्टीवरचं नाव, मोबाईलवरचा मेसेज, बसचा नंबर, समोरच्याचा चेहरा असं एकेक लिहा, आणि कशासाठी दर वेळी दुसऱ्याला हाक मारावी लागते आणि ते सगळ्यात जास्त टोचतं त्यावर खूण करा. क्वालिटी ऑफ लाईफ म्हणतात ती इथेच असते. ती मोजायला एनईआय व्हीएफक्यू-२५ नावाची २५ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात, त्यातही तक्त्यावरची किती अक्षरं वाचली हे विचारत नाहीत, रोजची कामं किती जड जातात, दुसऱ्यांवर किती अवलंबून राहावं लागतं, नजरेची किती काळजी वाटते हे विचारतात.

ही यादी घेऊनच लो व्हिजन तपासणीला जा. चष्म्याचा नंबर नव्याने काढून घ्या आणि एक गोष्ट नक्की विचारा, मधलं दिसत नाही की कडेचं? पुढचं बरंचसं यावर ठरतं.

भिंगाआधी उजेड बघा, कारण यात खर्च कमी आणि फरक पटकन कळतो. छोटा टेबल लॅम्प कागदापासून निम्म्या अंतरावर आणला की उजेड साधारण चौपट होतो, म्हणजे छतावरचा मोठा दिवा बदलण्यापेक्षा लॅम्प जवळ ओढणं बरं. बल्ब मात्र डोळ्यांत चमकू नये. जाड काळ्या पेनाने लिहा. काळ्या कार्डाला एका ओळीएवढी फट कापून ती पानावर ठेवली की ओळ चुकत नाही आणि कागदाची चमकही कमी होते, इतकी साधी गोष्ट पण लोक करत नाहीत.

आता भिंग. मोठं भिंग म्हणजे जास्त पॉवर असा समज असतो, प्रत्यक्षात उलटं असतं, पॉवर वाढते तसं भिंग लहान होतं आणि एका वेळी कमी अक्षरं दिसतात. त्यामुळे काम भागेल तेवढीच पॉवर घ्या. २० डायॉप्टरचं (डायॉप्टर म्हणजे भिंगाची पॉवर मोजायचं माप) भिंग कागदापासून साधारण ५ सेंटिमीटरवर धरावं लागतं आणि भिंग डोळ्याजवळ आणलं की जास्त भाग दिसतो. हात थरथरत असेल तर स्टँडवालं घ्या. जास्त नंबरच्या वाचायच्या चष्म्यात हात मोकळे राहतात पण पुस्तक नाकाशी आणावं लागतं, १० डायॉप्टरला १० सेंटिमीटर, आणि हे अनेकांना सुरुवातीला अजिबात आवडत नाही (डोळे त्याने बिघडत नाहीत). लांबचं बघायला छोटी दुर्बीण मिळते, ती उभं राहून बघायला, चालताना नाही. बराच वेळ वाचायचं असेल तर व्हिडिओ मॅग्निफायर (कॅमेऱ्याने पान स्क्रीनवर मोठं करून दाखवणारं यंत्र) चांगला, काळ्यावर पांढरी अक्षरंही करता येतात.

काचबिंदूत नजरेचा घेर अगदी अरुंद झाला असेल तर मोठं करणं अंगाशी येऊ शकतं, कारण अक्षर मोठं होतं आणि शब्दच नजरेत मावत नाही. तिथे उजेड, कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि कागद यांच्या रंगातला ठळक फरक), वाचून दाखवणारा फोन आणि चालायला पांढरी काठी जास्त उपयोगाची.

विकत घेण्याआधी शक्य असेल तर घरी ट्रायलला आणा आणि सराव करा. रोज थोडा वेळ, आधी मोठी अक्षरं मग बारीक. मॅक्युलाच्या पेशंटला जरा बाजूला बघून वाचायला शिकवतात, म्हणून तो तुमच्याशी बोलताना कानाकडे बघतोय असं वाटलं तर रागावू नका, त्याला तसंच जास्त दिसतं.

काही आठवड्यांनी तीच यादी काढा आणि कोणतं काम आता एकट्याने होतं ते बघा. वाचन बहुतेक वेळा सुधारतं. मनाची उदासी मात्र नुसत्या भिंगाने जाईलच असं नाही, लो व्हिजनच्या पेशंटमध्ये डिप्रेशन बऱ्यापैकी दिसतं, तेव्हा ते डॉक्टरांना वेगळं सांगा. नसलेली माणसं किंवा नक्षी दिसतात असं कोणी म्हणालं तर लगेच वेड लागलं समजू नका, नजर गेल्यावर असं होऊ शकतं, त्याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात, तेही तपासणीत सांगायचं.

आणि आजार पुढे सरकला की जुनं भिंग पुरेनासं होतं, तेव्हा यादी आणि भिंग दोन्ही घेऊन परत तपासणीला जा.