पफिन पाहायचेत? कड्यावर संध्याकाळी जा

आइसलँडच्या पश्चिम टोकाला, ब्यार्गताउंगार दीपगृहाशेजारी लाउत्राब्यार्गचा १४ किलोमीटर लांब कडा आहे. दुपारी तिथे पफिन (रंगीत चोचीचे छोटे समुद्रपक्षी) कमीच दिसतात. बरेचसे समुद्रावर असतात.

१. जून-जुलैत जा. ऑगस्टच्या मध्यानंतर ते निघून जातात.
२. रात्री आठनंतर पोचा. तेव्हाही छान उजेड असतो आणि पक्षी बिळांकडे परततात.
३. शेवटचा रस्ता खडीचा आहे, म्हणून टाकी आधीच भरून घ्या.
४. काठाजवळ पोटावर झोपून हळूहळू सरका. पफिन फारसे बुजत नाहीत, साध्या मोबाइलवरही सुरेख फोटो येतात.

काठावर उभं मात्र कधीच राहू नका. बिळांमुळे गवताखालची माती पोकळ झालेली असते, आणि कडा काही ठिकाणी ४०० मीटरहून उंच आहे. मुलांचा हात सोडू नका.