पी-व्हॅल्यू पुरावा म्हणून कशी वाचावी

पी-व्हॅल्यूचा आकडा सॉफ्टवेअर काढून देतं, त्यात वेळ घालवू नका. त्याआधी शून्य परिकल्पना, म्हणजे 'इथे विशेष काही नाही, सगळा योगायोग' हे गृहीतक, कागदावर साध्या मराठीत लिहा.

पुण्यातला 2008 चा प्रयोग घ्या. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी ज्योतिष्यांना प्रत्येकी 40 कुंडल्या दिल्या. हुशार मुलाची कोणती आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाची कोणती, एवढंच ओळखायचं. 27 जणांनी उत्तरं पाठवली. इथली शून्य परिकल्पना अशी: 'हा नुसता छापा-काटा आहे.' सर्वाधिक बरोबर उत्तरं 24. नाणं 40 वेळा उडवून 24 किंवा त्याहून जास्त छापे पडण्याची शक्यता 0.134, आणि हीच पी-व्हॅल्यू. 'किंवा त्याहून जास्त' हे शब्द गाळायचे नाहीत.

आता खरी अडचण. '0.134 म्हणजे 24 बरोबर सांगणारा ज्योतिषी नुसत्या अंदाजाने सांगत होता याची शक्यता 13 टक्के.' हे वाक्य मी स्वतः दोन वर्षं अहवालांत लिहिलं आणि ते साफ चूक आहे. अंदाज चाललाय असं धरूनच आपण गणित केलं. मग जे धरलं तेच खरं असण्याची शक्यता त्या गणितातून निघेल कुठून? पाऊस पडला तर रस्ता ओला होतो, पण रस्ता ओला दिसला म्हणून पाऊसच पडला असं नाही, पाण्याचा टँकर गळत गेला असेल. पी-व्हॅल्यू पहिल्या दिशेचं उत्तर देते. दुसऱ्या दिशेसाठी दावा मुळात कितपत संभवनीय होता तेही धरावं लागतं. पी-व्हॅल्यू 0.05 या नेहमीच्या मर्यादेच्या खाली गेली म्हणून हा फरक मिटत नाही.

दुसरी गोष्ट, किती जणांतून हा निवडला ते मोजा. 27 जण नुसतं नाणं उडवत बसले, तरी त्यांतल्या एकाला तरी 24 गाठता येण्याची शक्यता सुमारे 98 टक्के. समजा कुणाचे 28 आले असते, तर एकट्याची पी-व्हॅल्यू 0.008 भरते. बघणारा भारावून जाईल. पण 27 नाण्यांत असं कुणीतरी निघण्याची शक्यता 20 टक्के आहे! फक्त विजेत्याची पी-व्हॅल्यू दाखवणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

मोठ्या पी-व्हॅल्यूने शून्य परिकल्पना सिद्ध होत नाही. खरोखर 55 टक्के ओळखणारा माणूसही 40 कुंडल्यांत सहज नजरेतून निसटेल.

म्हणून अहवालात सगळं लिहा: 40 पैकी 24, 27 जणांतला सर्वोत्तम, सगळ्यांची सरासरी 46 टक्के.