ऑइल पेंटमध्ये (तैलरंगांत) हापूस खराखुरा कसा दिसेल

आंबा रंगवायचा म्हटलं की सगळे आधी पिवळी ट्यूब पिळतात आणि तिथंच गडबड होते. आंबा खिडकीपाशी ठेवा, उजेड एकाच बाजूने येऊ द्या आणि घरातली ट्यूबलाईट बंद करा, नाहीतर दोन दोन सावल्या पडतात.

पहिला थर फक्त बर्न्ट अंबरचा (गडद तपकिरी), टर्पेंटाइन (तैलरंग पातळ करायचं द्रव) घालून अगदी पातळ, त्यात रंगाचा विचारच करायचा नाही, फक्त उजेड कुठे आणि अंधार कुठे एवढंच बघायचं, डोळे बारीक करून बघितलं की पटकन कळतं. हा थर वाळला की मग रंग. उजेडात कॅडमियम यलो, मधल्या भागात यलो ऑकर (मातकट पिवळा), देठाजवळच्या लालीला थोडंसं अलिझरीन क्रिमसन (गडद लाल). सावलीत काळा अजिबात नको प्लीज, पिवळ्यात काळा गेला की घाणेरडा हिरवा होतो, त्यापेक्षा बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) आणि चिमूटभर अल्ट्रामरीन (गडद निळा) घ्या. सावलीच्या कडेला टेबलाचा उजेड परत आंब्यावर पडतो ना, तो मंद पट्टा नक्की रंगवा, आंबा गोल दिसतो तो त्याच्यामुळेच!

वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत न्यायचं, उलटं केलं तर पुढे तडे जातात. कडा कोरड्या मऊ ब्रशने हलकेच पुसा. पांढरी चमक सगळ्यात शेवटी, एकदाच टेकवायची, आणि शेवटचं व्हार्निश (चित्र जपणारा पारदर्शक थर) साधारण ६ महिन्यांनी.