ह्यूस्टनला बाग करायची तर आधी कॅलेंडर उलटं टांगा

दरवर्षी मे-जूनमध्ये आमच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे वसाहतीत, एक-दोन तरी नवी मराठी कुटुंबं येतात. सामान लागायच्या आधीच मागचं अंगण बघून होतं, आणि पुढच्या शनिवारी गाडीतून मातीच्या पिशव्या, टोमॅटोची रोपं, मेथी-कोथिंबिरीचं बी उतरतं. ऑगस्टमध्ये मला फोन येतो. "ताई, सगळं जळालं हो. इथे काही येतच नाही."

येतं हो. फक्त पेरायचा महिना चुकला.

मीही हेच केलं होतं. परभणीकडची, शेतकऱ्याची मुलगी, त्यामुळे जरा तोराच होता. २००३ च्या मे महिन्यात मोठ्या हौसेने मेथी टाकली. चौथ्या दिवशी उगवली, दहाव्या दिवशी चार पानांची झाली आणि मग तिथेच थांबली. बोटभर उंचीची काडी पिवळी पडली, आणि त्या काडीलाही फूल यायला लागलं. दादांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "अगं, वैशाखात मेथी कोण टाकतं? तू अमेरिकेला गेलीस म्हणून मेथीही गेली का?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. इथली बियांची पाकिटं, आणि आता यूट्यूबवरचे बागवालेही, उत्तरेकडच्या राज्यांसाठी बोलतात. तिकडे बर्फ वितळला की बाग सुरू होते आणि उन्हाळा हा हंगाम असतो. ह्यूस्टनला उन्हाळा ही विश्रांती आणि हिवाळा हा हंगाम. म्हणजे सरळ आपली रब्बी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी मेथी, कोथिंबीर, पालक, शेपू, मुळा, गाजर, मटार, कोबी, फ्लॉवर सगळं येतं, तेही फारसं पाणी न घालता. थंडीने मेथीची चव तर अशी होते की गड्डी धुतानाच हाताला वास येतो. सप्टेंबरात मात्र उतावीळ होऊ नका. गणपती आले म्हणजे उन्हाळा संपला, हा हिशोब इथे चालत नाही.

मार्च हा खरिपाचा महिना. टोमॅटो आणि मिरचीची रोपं मार्चच्या सुरुवातीलाच जमिनीत गेली पाहिजेत, कारण मेअखेर रात्रीसुद्धा हवा तापलेली राहते. रात्रीचं तापमान २४-२५ सेल्सिअसच्या खाली उतरत नसेल तर टोमॅटोला फुलं येतात आणि गळून जातात, फळ धरत नाही. लोक खत घालत बसतात. खताचा त्यात काही संबंध नाही. मार्चची संधी हुकली तर जुलै-ऑगस्टमध्ये नवी रोपं लावून ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुसरं पीक घेता येतं.

भर उन्हाळ्यात काय टिकतं? भेंडी, चवळी, दुधी, दोडका, घोसाळी, कारलं, मयाळू, रताळी. भेंडीला तर इथलं ऊन मानवतंच. एप्रिलमध्ये लावा, जूनपासून दिवसाआड तोडा. एक दिवस विसरलात तर तिसऱ्या दिवशी तिचं लाकूड झालेलं असतं. दुधीला मांडव भक्कम करा. २०२४ च्या जुलैत बेरिल वादळ आलं तेव्हा आमचा मांडव वेलासकट शेजाऱ्यांच्या कुंपणावर जाऊन बसला होता. १ जून ते ३० नोव्हेंबर वादळांचा काळ. वादळाची बातमी आली की आधी कुंड्या गॅरेजमध्ये घ्या. एरवी कुंडी म्हणजे शोभेची वस्तू, त्या वाऱ्यात तो दगड असतो.

आता थंडीबद्दल. नवीन लोक उन्हाला घाबरतात, पण इथली झाडं मरतात ती गारठ्याने. नकाशा उघडून बघा, ह्यूस्टन दिल्लीपेक्षाही थोडं उत्तरेला आहे. आपल्याकडे उत्तरेचा वारा अडवायला हिमालय तरी आहे. इथले लोक गंमतीने म्हणतात की टेक्सस आणि उत्तर ध्रुव यांच्यामध्ये एका काटेरी तारेच्या कुंपणाशिवाय काही नाही. दुपारी अर्ध्या बाह्यांत फिरावं आणि रात्री पाणी गोठावं, हे इथे होतं. बहुतेक हिवाळ्यांत अशा दोन-चार रात्री येतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये मात्र तापमान उणे १० सेल्सिअसच्या आसपास गेलं, वीज गेली, नळ फुटले, आणि गल्लीतली लिंबं-संत्री एका रात्रीत काळी पडली.

माझा कढीपत्ता तेव्हा नऊ फूट उंच होता. लोक पिशव्या घेऊन यायचे. थंडी ओसरल्यावर पानं तपकिरी होऊन फांद्यांवरच लटकत राहिली, हात लावला की चुरा. नवरा म्हणाला उपटून टाकू. मी नुसता बुंध्यापर्यंत कापला आणि वर पालापाचोळा रचला. एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी पाचोळा बाजूला केला तर मुळाशी तांबूस-हिरवा, करंगळीएवढा फुटवा! शेवग्याचंही तसंच होतं. वरचं सगळं जातं, मुळातून परत येतो. म्हणून मार्चमध्ये काही उपटू नका. मे उजाडेपर्यंत थांबा.

यात फसगत एकच, कलमी झाडांची. शेजाऱ्यांचं सत्सुमा संत्रं असंच मुळातून फुटलं. दोन वर्षं त्यांनी कौतुकाने पाणी घातलं. लांब काटे आले, एका देठाला तीन-तीन पानं आली, संत्रं काही आलं नाही. कलमाच्या सांध्याखालचं जंगली खुंट वाढत होतं, संत्रं केव्हाच गेलेलं. फूट सांध्याच्या वर आहे की खाली, हे आधी बघा.

गारठ्याच्या रात्रीसाठी जुन्या चादरी जपून ठेवा. संध्याकाळी झाडाला नीट पाणी द्यायचं, चादर थेट जमिनीपर्यंत सोडायची, कडेला विटा ठेवायच्या. जमिनीतली ऊब आत कोंडली जाते. प्लास्टिक पानांना चिकटू देऊ नका, जिथे चिकटतं तिथे पान जळतं. तुळस आणि जास्वंद कुंडीतच ठेवा आणि सरळ घरात घ्या. मोगरा जमिनीत असला तरी बहुधा तग धरतो.

कढीपत्त्यावरून आणखी एक, जरा रागावूनच सांगते. भारतातून येताना बॅगेत त्याची ताजी पानं, फांदी, रोप, काहीही आणू नका. कढीपत्ता हा लिंबू-संत्र्याच्या कुळातला. त्याच्यावर बसणारी एक बारीक कीड लिंबूवर्गीय झाडांना एक असा रोग लावते, की त्यावर औषध नाही. फ्लोरिडाच्या संत्राबागा त्या रोगाने पार खचल्या. म्हणून बंदी आहे, आणि माहिती लपवली तर विमानतळावर दंडही होतो. बियांनाही परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे आईने रुमालात बांधून दिलेलं वालाचं बी तिकडेच राहू द्या. इथली लिंबू-संत्र्याची किंवा कढीपत्त्याची रोपं गाडीत घालून दुसऱ्या राज्यातल्या बहिणीकडे नेणंही नियमात बसत नाही. हिलक्रॉफ्ट रस्त्यावरच्या भारतीय दुकानांत किंवा इथल्या नर्सरीत रोप मिळतं, ते घ्या.

मातीचं म्हणाल तर मला ती पहिल्याच दिवशी ओळखीची वाटली. मराठवाड्यातली काळी, चिकण, पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी माती आणि इथली माती एकाच जातकुळीतल्या. गावाकडे या मातीने वखर अडतो, इथे घराच्या भिंतींना तडे जातात. कोरड्या उन्हाळ्यात लोक घराच्या पायाभोवती पाझरती नळी टाकून पायालाच पाणी देतात. मला आधी हसू यायचं. २०११ च्या दुष्काळानंतर आम्हीही नळी आणली.

फरक पाण्याचा. इथे वर्षाला सुमारे ५० इंच पाऊस, तोही बाराही महिने कधीही, आणि जमीन ताटासारखी सपाट. पाणी निघून जातच नाही, मुळं कुजतात. म्हणून जमिनीत खड्डा करून लावण्यापेक्षा फूटभर उंचीचा वाफा लाकडाने बांधून घ्या आणि त्यात कंपोस्ट मिसळलेली माती भरा. वर तीन-चार बोटं पालापाचोळ्याचं आच्छादन. हे एवढं केलंत की अर्धी बाग झाली.

काही धोके भराभर सांगते. पावसानंतर हिरवळीत मऊ, भुसभुशीत मातीचा ढिगारा दिसला तर त्यावर पाय देऊ नका. त्या फायर अँट. आपल्या लाल मुंग्यांसारख्या एक-दोन चावून सोडत नाहीत, शेकडोंनी पायावर चढतात आणि मग एकदम चावतात. दुसऱ्या दिवशी प्रत्येक चाव्यावर पांढरा पू भरलेला फोड. चपला घालून बागेत जाण्याची सवय मोडा. पाचोळ्यात हात घालण्याआधी काठीने ढवळा, त्याच रंगाचा कॉपरहेड साप त्यात बसलेला असू शकतो. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी ओतून टाका, नाहीतर डास. आणि घराबरोबर एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना, नावाचं प्रकरण येतं, त्यांचे नियम वाचा. पुढच्या अंगणात भाजी लावली म्हणून एका ओळखीच्यांना तीन पत्रं आली होती. पण कंपोस्ट किंवा पावसाच्या पाण्याचं पिंप यांवर सरसकट बंदी घालायची मुभा टेक्ससच्या कायद्याने त्यांनाही दिलेली नाही. ते कुठे आणि कसं ठेवायचं एवढंच ते सांगू शकतात.

किडीचा फोटो मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकण्याआधी तुमच्या काउंटीच्या मास्टर गार्डनर स्वयंसेवकांना विचारा. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या विस्तार केंद्राने शिकवून तयार केलेली ही माणसं, सल्ला फुकट. हिवाळ्यात ते फळझाडांची विक्री करतात, तिथे इथल्या हवेत टिकणारीच झाडं असतात.

अपार्टमेंटमध्ये असाल तर वाईट वाटून घेऊ नका. बाग स्वतःचीच असली पाहिजे असं थोडंच आहे. पश्चिमेच्या बाल्कनीत दोन कुंड्या करपवण्यापेक्षा हर्मन पार्कला जा. लाल मार्गाची मेट्रो थेट पार्कच्या दारात सोडते. जॉर्ज हर्मन नावाच्या माणसाने १९१४ मध्ये या शहराला जमीन देऊन टाकली, त्याचं हे पार्क. आतल्या मॅकगव्हर्न सेंटेनियल गार्डन्समध्ये तीसेक फूट उंचीची गोल टेकडी केली आहे, वर जायला चक्राकार वाट. आमच्या आईला २०१५ मध्ये तिथे नेलं तर म्हणाली, "याला टेकडी म्हणतात होय?" पण या सपाट शहरात तेवढ्या उंचीचंही अप्रूप वाटतं. तिथून उतरून ती एका वाफ्यापाशी थबकली. "अगं, ही घाणेरी!" लँटाना म्हणजे आपली घाणेरीच. नर्सरीत तिला किंमत मोजावी लागते हे कळल्यावर आईने तोंडाला पदर लावला, आणि गावी परतल्यावर दारोदार हेच सांगत सुटली.

अशा ओळखी इथे पदोपदी भेटतात. जूनपासून रस्त्याकडेला, पार्किंगमध्ये गुलाबी-जांभळी बहरलेली क्रेप मर्टल दिसेल, ती आपल्या तामणाची चुलत बहीण. गॅल्व्हस्टनला समुद्राकाठी कण्हेरच कण्हेर. बायूच्या, म्हणजे इथल्या संथ ओढ्यांच्या, काठाने अळू माजलेलं दिसेल, ते मात्र वड्यांसाठी तोडू नका. घशाला खाजेल, आणि साऱ्या शहरातून वाहून आलेलं पावसाचं पाणी त्याच्याच मुळाशी येतं.

हर्मन पार्कमधलं जपानी उद्यान मार्चमध्ये बघा. बायू बेंड या जुन्या हवेलीच्या बागेत अझेलिया फुलतात त्याही त्याच सुमारास. मेमोरियल पार्कमधल्या आर्बोरेटमला, म्हणजे वृक्षोद्यानाला, प्रवेश फुकट, १५५ एकरांचं रान, आणि लहान मुलांना मोकळं सोडता येतं. उत्तरेकडे राहत असाल तर मर्सर बोटॅनिक गार्डन्सही फुकट. ह्यूस्टन बोटॅनिक गार्डन २०२० मध्ये जुन्या गोल्फ मैदानावर सुरू झालं. तिथे तिकीट आहे, झाडं अजून लहान आहेत, सावली कमी. उन्हाळ्यात गेलात तर माझ्या नावाने बोटं मोडाल, नोव्हेंबरात जा. ब्राझोस बेंड स्टेट पार्कला मगरी मोकळ्या फिरतात, तीस फुटांच्या आत जायचं नाही आणि मुलांना पाण्याच्या कडेला सोडायचं नाही. ब्लूबॉनेट या रानफुलाची निळी शेतं बघायला मार्चअखेर ब्रेनहॅम गावाच्या रस्त्याला लागा. फोटोसाठी फुलांत बसण्याआधी मुंग्यांचा ढिगारा बघून घ्या, हे आता सांगायला नकोच.

जून ते सप्टेंबर कोणत्याही बागेत सकाळी नऊच्या आत जाऊन या. नाहीतर संध्याकाळी वॉ ड्राइव्हच्या पुलावर उभं राहा, सूर्य बुडताना पुलाखालून लाखोंनी वटवाघळं बाहेर पडतात.

आणि तुमच्या कोथिंबिरीचं. ऑक्टोबरचा पहिला थंड वारा सुटला की दुसऱ्या दिवशी किराण्यातले मूठभर धने घ्या. फरशीवर पसरून चपलेच्या तळव्याने हलकेच रगडा, एकाचे दोन व्हायला हवेत, पीठ नाही. रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी वाफ्यात फेका, बोटाच्या जाडीएवढी माती लोटा. पाखरं टिपतात, म्हणून वरून जुनी ओढणी अंथरा आणि त्या ओढणीवरूनच पाणी शिंपडा. दहाव्या दिवशी ती उचला.