फोर-लो आधी टाका: ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापू नये म्हणून

डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा इंजिनच्या कूलंटचा असतो, गिअरबॉक्सचा नाही. तो मध्यावर स्थिर असताना खाली गिअरबॉक्सचं ऑइल 120 अंशांच्या पुढे गेलेलं असू शकतं. मुरबाडच्या पुढे चिखलात चालत्या गाडीला स्कॅनर जोडून मी हे पोरांना दाखवलंय, आणि दरवेळी त्यांचा चेहरा उतरतो. वागळे इस्टेटमध्ये माझं गॅरेज आहे. पाऊस लागला की ठाण्या-नवी मुंबईच्या थार, जिमनी, फॉर्च्युनर अशा फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या चिखल शोधत बाहेर पडतात. जळालेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलायची वेळ गिऱ्हाइकावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण ते बिल फार मोठं असतं आणि बहुतेक वेळा टाळता येतं.

आधी उष्णता येते कुठून ते बघू. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाच्या बाजूचा इम्पेलर ऑइल फेकतो, त्या माऱ्यावर गिअरबॉक्सच्या बाजूचा टर्बाइन फिरतो. हायवेला दोघं जवळपास एकाच वेगाने फिरतात, वर दोघांना घट्ट जोडणारा लॉकअप क्लच बसला की फरक उरतच नाही. पण मोठा दगड चढताना, किंवा रुतलेल्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरल्यावर, इम्पेलर फिरतो आणि टर्बाइन जागचा हलत नाही. मग इंजिनाची सगळी ताकद ऑइल घुसळण्यात जाते. साधा हिशोब करा: 40 किलोवॉट ताकद आणि 8 लिटर ऑइल धरलं, तर ऑइल सेकंदाला साधारण तीन अंशांनी तापतं. दहा सेकंद धरलं की तीस अंश. आम्ही मेकॅनिक स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक धरून इंजिनाला जोर लावायची चाचणी, घेतो तेव्हासुद्धा पाच सेकंदांवर अ‍ॅक्सिलरेटर धरत नाही, आणि लगेच न्यूट्रलला टाकून ऑइल थंड होऊ देतो.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात कळकळीचं सांगणं: फोर-लो, म्हणजे चारही चाकांना हळू पण जास्त जोर देणारी रेंज, आधी टाका. गाडी अडली, रुतली, वास आला की मग फोर-लोची आठवण होते, तोवर ऑइल तापून बसलेलं असतं. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा, गिअरबॉक्सच्या नंतर येतो. थारच्या लो रेंजमध्ये तो टॉर्क साधारण अडीचपट करतो, जिमनीत साधारण दोनपट. म्हणजे चाकाला तेवढाच जोर द्यायला गिअरबॉक्सला निम्मं किंवा त्याहून कमी ओढावं लागतं, टर्बाइन मोकळा फिरतो आणि स्लिप, म्हणजे इम्पेलर-टर्बाइनच्या वेगातला फरक, कमी होते. डांबर संपून खडी किंवा चिखल लागला आणि पुढे चढ दिसला, की थांबा, न्यूट्रल करा, फोर-लो टाका, मग पुढे जा. मॅन्युअल मोड असेल तर पहिला किंवा दुसरा गिअर धरून ठेवा, म्हणजे गिअरबॉक्स वरखाली करत बसत नाही. कोरड्या डांबरावर आलात की मात्र टू-हाय (नेहमीचा दोन चाकांचा ड्राइव्ह) टाका, नाहीतर ट्रान्सफर केसवर ताण येतो.

चढावर रांगेत थांबायची वेळ येते तेव्हा गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरू नका. ब्रेक धरा. पुढची गाडी पार वर पोचल्याशिवाय आपण चढ सुरूच करायचा नाही, हा नियम ग्रुपमध्ये आधीच ठरवून घ्या.

रुतल्यावर डी-आर-डी-आर, म्हणजे पुढचा-मागचा गिअर आलटून पालटून टाकत, असा झोका देणं मला बघवत नाही. चाकं एका दिशेला फिरत असताना उलटा गिअर पडला की तो सगळा मार आतल्या क्लच प्लेटांवर बसतो, आणि ऑइल तापतं ते वेगळंच. दोनदा प्रयत्न करून गाडी निघाली नाही, तर खाली उतरा. फावड्याने चाकांपुढची माती काढा, टायरची हवा 18-20 पीएसआयपर्यंत उतरवा, चाकाखाली दगड किंवा ट्रॅक्शन बोर्ड द्या, नाहीतर सरळ पट्टा लावून दुसऱ्या गाडीने ओढून काढा. हवा परत भरायला कॉम्प्रेसर मात्र सोबत हवा. कमी हवेवर हायवेला जायचं नाही.

तापल्याची लक्षणं ओळखा. गिअर उशिरा पडतो, किंवा धक्का देऊन पडतो. आरपीएम चढतो पण गाडी ओढत नाही. करपल्यासारखा वास येतो. काही गाड्यांत ऑइल टेम्परेचरचा दिवा लागतो, स्कॅनरवर पी0218 कोड दिसतो. यातलं काहीही दिसलं तर सपाट जागी थांबा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि इंजिन चालू राहू द्या. घाबरून किल्ली फिरवू नका. ऑइलचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद झालं की ऑइल कूलरकडे जायचं थांबतं आणि तापलेलं ऑइल जागीच राहतं. एसी बंद करा. दहा-पंधरा मिनिटं तरी द्या. कूलंटचा काटाही वर गेला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे इंजिन वाचवायचं आधी बघा.

आणि तापलेली गाडी लगेच ओढ्यात घालू नका. गरम गिअरबॉक्स थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीतून, पाणी आत ओढलं जातं. पाणी शिरलेलं ऑइल स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी दिसतं. तसं दिसलं की गाडी चालवायची नाही. पाण्याची आवड असेल त्यांनी ब्रीदरची नळी इंजिन बेमध्ये उंचावर नेऊन घ्यावी. काम छोटं आहे, फायदा मोठा.

आता रेडिएटरकडे येतो, कारण आपल्याकडे निम्मी कामं तिथेच अडतात. गिअरबॉक्सचं ऑइल थंड होतं ते रेडिएटरच्या टाकीतल्या कूलरमध्ये, किंवा समोरच्या वेगळ्या कूलरमध्ये. आपली लाल माती पातळ चिखल होऊन जाळीत शिरते आणि एसीचा कंडेन्सर व रेडिएटर यांच्या फटीत वाळून घट्ट बसते. पुढून बघितलं तर सगळं स्वच्छ. म्हणून ग्रिलमधून बघून समाधान मानू नका. एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने उजेड दिसतो का ते बघा. दिसत नसेल तर गार इंजिनवर, साध्या नळाच्या पाण्याने, इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला धुवा, म्हणजे माती आली त्याच वाटेने बाहेर पडते. वायरिंगचे कनेक्टर आणि अल्टरनेटर सांभाळा. प्रेशर वॉशर जवळून मारला की पत्र्याच्या बारीक पट्ट्या आडव्या होतात आणि हवा कायमची अडते. हे धुणं घरी येऊन नाही, परतीला निघतानाच गाडी गार झाल्यावर करा. रविवारी संध्याकाळी कल्याण-शिळफाटा रस्त्यावर नाहीतर घोडबंदरला अडकलात की समोरून वारा नसतो, आणि चिखलाने बुजलेला रेडिएटर घेऊन त्या गर्दीत रांगणं गिअरबॉक्सला ट्रेलपेक्षा महाग पडतं. लांब सिग्नलला न्यूट्रल करा.

ऑइल बघायचं तर टिश्यू पेपरवर एक थेंब घ्या आणि पसरू द्या. लालसर, स्वच्छ कडा म्हणजे ठीक. तपकिरी झालं पण वास नाही, तर बदलायची वेळ आली. काळं, करपट वासाचं आणि बोटांत बारीक कण लागणारं असेल तर आतल्या प्लेटा गेल्यात. नव्या गाड्यांत बऱ्याचदा डिपस्टिक नसते. ऑइल ठरावीक तापमानाला ओव्हरफ्लो प्लगमधून तपासावं लागतं, तेव्हा ते जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्या. जास्त भरलं तरी फेस होऊन तापतंच. ग्रेड कंपनीने सांगितलेलीच घ्या, दुकानदार "सगळ्याला चालतं" म्हणून देईल ते नको. "लाइफटाइम ऑइल" हा शब्द चिखलात जाणाऱ्या गाडीला मी लागू धरत नाही. माझ्या गिऱ्हाइकांना मी 40,000 किलोमीटरच्या आत बदलायला लावतो.

मोठे टायर घातले असतील तर समजून घ्या की गिअरिंग उंच झालं, म्हणजे गिअरबॉक्सवरचं ओझं वाढलं. अशा गाडीला जादा ऑइल कूलर लावणं मी योग्य समजतो. तो रेडिएटरच्या कूलरनंतर जोडायचा, कंडेन्सरच्या पुढे मोकळ्या हवेत. पाइप ऑइलचाच हवा, पेट्रोलचा नाही. विंच आणि लाइटबार त्याच्या तोंडावर आले तर कूलर लावून उपयोग नाही. वॉरंटीत गाडी असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

आणि एवढं करूनही गिअरबॉक्स गेलाच, तर टोचन करून चाकांवर ओढत आणू नका. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आतल्या बेअरिंगना ऑइल मिळत नाही आणि जे वाचलं होतं तेही घासून जातं. फ्लॅटबेड बोलवा, तास-दोन तास थांबावं लागलं तरी.