स्क्रीनचा प्रकाश आणि डोळे: काय बदलायचं, कशाच्या मागे लागायचं नाही

मॉनिटर किंवा फोनच्या नेहमीच्या वापरातला प्रकाश डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा करतो, याला पुरावा नाही. दिवसअखेर होणारी चुरचुर, जडपणा आणि धूसरपणा मात्र खरा असतो. आपण प्रकाशाचा बंदोबस्त करत बसतो आणि त्रास देणारं कारण तसंच राहतं, ही यातली खरी अडचण.

आधी प्रकाशाचा हिशेब करू. २४ इंची मॉनिटरवर पूर्ण पांढरं पान उघडलं, ब्राइटनेस ३०० निट्स (स्क्रीनच्या उजळपणाचं एकक) ठेवला आणि ६० सेंटिमीटरवर बसलं, तर डोळ्यापर्यंत साधारण १३० लक्स (पडणारा उजेड मोजायचं एकक) उजेड पोचतो. ढगाळ दिवशी उघड्यावर हाच आकडा दहा हजारांच्या घरात असतो, भर उन्हात लाखाच्या आसपास. पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरजवळ निळा प्रकाश जास्त असतो हे बरोबर, पण आकाशाकडून येणारा निळा प्रकाश त्याच्या कैक पट असतो. अतिनील किरण या स्क्रीनमधून जवळजवळ येतच नाहीत.

मग डोळे का दुखतात? लक्षणं पाहिली की बरंचसं कळतं. खुपल्यासारखं वाटणं, चुरचुरणं, मध्येच पाणी येणं ही कोरडेपणाची खूण. पाणी येतंय म्हणजे डोळा ओला आहे, हा समज चुकीचा आहे. पृष्ठभाग कोरडा पडल्यामुळेच ते पाणी सुटतं. अक्षरं धूसर झाली आणि चार-पाच वेळा पापण्या मिटल्यावर स्वच्छ दिसली, तर बिघाड अश्रूंच्या थरात आहे. काम संपवून मान वर केल्यावर लांबचं काही क्षण अंधुक दिसत असेल, तर जवळच्या अंतरावर अडकलेला स्नायू सैल व्हायला वेळ घेतोय. भुवयांवर आणि कपाळात दुखत असेल, तर चष्म्याचा नंबर किंवा स्क्रीनवरची चकाकी तपासायची.

पापण्या आणि ओल

एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनवर लक्ष लागलं की हा आकडा पाच-सातवर येतो. शिवाय बऱ्याचदा पापणी अर्ध्यातूनच परत वर जाते. त्यामुळे बुबुळाच्या खालच्या भागावर अश्रूंचा थर नीट पसरत नाही आणि पापणीच्या कडेच्या ग्रंथींमधलं तेलही पुरेसं बाहेर येत नाही. तेल नसलं की पाणी भराभर उडून जातं.

उपाय साधा आहे, लक्षात ठेवणं अवघड. दर अर्ध्या तासाने दहा वेळा पापण्या पूर्ण मिटा, दोन सेकंद मिटलेल्या ठेवा, मग उघडा. पंखा किंवा एसीचा झोत तोंडावर येत असेल तर खुर्ची किंवा झोताची दिशा बदला. ही एक गोष्ट अनेकांच्या बाबतीत महागड्या चष्म्यापेक्षा जास्त काम करते. त्यानेही भागलं नाही तर ०.५ टक्के कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोजचे ड्रॉप्स, म्हणजे कृत्रिम अश्रू, चालतात. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालावे लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या, कारण प्रिझर्व्हेटिव्हच वारंवार पडला की पृष्ठभागाला त्रास देतो. लाली घालवणारे ड्रॉप्स मात्र यासाठी वापरू नका. ते रक्तवाहिन्या आकसवतात, असर उतरला की लाली आणखी वाढून येते आणि कोरडेपणा जागच्या जागी राहतो.

मांडणी

मॉनिटर हातभर लांब, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटरवर ठेवा. त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. नजर थोडी खाली झुकली की पापणी डोळ्याचा जास्त भाग झाकते आणि ओल टिकते. स्क्रीन उंच लावली की डोळे ताणून उघडे राहतात. लॅपटॉपला स्टँड घ्याल तर कीबोर्ड वेगळा जोडा, नाहीतर डोळ्यांची सोय करताना खांदे जातील.

ब्राइटनेससाठी पांढरा कागद स्क्रीनशेजारी धरा. स्क्रीन दिव्यासारखी उजळ वाटली तर कमी करा, मळकट करडी वाटली तर वाढवा. खोलीतला उजेड बदलला की हे पुन्हा करायचं. चकाकी पाहायला स्क्रीन बंद करून आपल्या जागेवर बसा. काळ्या काचेत खिडकी किंवा दिवा दिसला तर तो हटवा किंवा स्क्रीन फिरवा. खिडकी समोर किंवा पाठीमागे नको, बाजूला असावी. रात्री अंधारात काम न करता मॉनिटरच्या मागे एक मंद दिवा लावा.

अक्षरं लहान असली की माणूस नकळत पुढे झुकतो. स्क्रीनवरचं पान उघडं ठेवून नेहमीच्या तिप्पट अंतरावर जा, म्हणजे ६० सेंटिमीटरवर बसत असाल तर १८० वर. तिथून मजकूर जेमतेम वाचता आला तर आकार बरोबर. नाही आला तर झूम १२५ किंवा १५० टक्के करा. देवनागरीत अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरं लहान आकारात एकमेकांत मिसळतात, म्हणून रोमन मजकुरापेक्षा एक-दोन पॉइंट मोठं ठेवणं बरं. डार्क मोड आवडत असेल तर वापरा, पण अंधाऱ्या पार्श्वभूमीवर डोळ्याची बाहुली मोठी होते आणि सिलिंडरचा नंबर (ॲस्टिग्मॅटिझम, म्हणजे डोळ्याचा बाक सगळीकडे सारखा नसणं) असलेल्यांना अक्षरांभोवती धूसर कडा दिसू शकतात.

विश्रांतीचा २०-२०-२० नियम असा: दर २० मिनिटांनी, २० फुटांवर, २० सेकंद बघायचं. ६० सेंटिमीटरवर डोळ्याला १.६७ डायॉप्टर (चष्म्याचा नंबर मोजतात तेच एकक) जोर लावावा लागतो, ३० वर दुप्पट, आणि ६ मीटरवर जवळजवळ शून्य. त्या २० सेकंदांत फोन हातात घेतला तर विश्रांती नाही, जोर उलट वाढतो.

चष्मा

निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांवरच्या १७ चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये आढावा घेतला. साध्या काचांच्या तुलनेत डोळ्यांचा ताण कमी झाल्याचं, निदान थोड्या काळासाठी, आढळलं नाही. खर्च करायचाच असेल तर प्रतिबिंब घालवणारं कोटिंग आणि अचूक नंबर यांवर करा. चाळिशी लागलेल्यांनी एक काम जरूर करावं: डोळ्यापासून मॉनिटरपर्यंतचं अंतर टेपने मोजून न्यावं. वाचायचा चष्मा साधारण ४० सेंटिमीटरसाठी असतो, मॉनिटर ६०-६५ वर असतो. मधल्या अंतराचा नंबर वेगळा लागतो. प्रोग्रेसिव्ह काचेतून (जिच्यात वरून खाली नंबर हळूहळू बदलतो) स्क्रीन वाचायला हनुवटी वर करावी लागत असेल तर मान आखडणारच. मॉनिटर आणखी खाली घ्या किंवा कामासाठी स्वतंत्र चष्मा करा.

झोप आणि मुलं

प्रकाशाचा खरा परिणाम होतो तो झोपेवर. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाने सर्वाधिक जाग्या होतात आणि मेंदूला दिवस असल्याचं कळवतात. १२ जणांवरच्या एका प्रयोगात झोपेआधी चार तास पूर्ण ब्राइटनेसवर ई-बुक वाचणाऱ्यांना झोप लागायला कागदी पुस्तकापेक्षा सरासरी दहा मिनिटं जास्त लागली. परिणाम आहे, पण माफक. रात्री रंग उबदार करा, त्याहून महत्त्वाचं म्हणजे ब्राइटनेस उतरवा.

मुलांच्या वाढत्या नंबराचा संबंध प्रकाशापेक्षा सतत जवळून पाहण्याशी आणि बाहेर कमी राहण्याशी आहे. रोज सुमारे दोन तास दिवसाच्या उजेडात मोकळ्यावर खेळणं याला पर्याय नाही. स्क्रीनला पिवळी फिल्म लावून ते भरून निघत नाही.

मंद ब्राइटनेसवरच डोकं दुखतं?

काही स्क्रीन उजेड कमी करताना दिवा भराभर चालू-बंद करतात. फोनचा कॅमेरा मॅन्युअल मोडमध्ये १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटरवर ठेवून स्क्रीनकडे धरा. पूर्ण ब्राइटनेसवर नसलेले अनेक काळे पट्टे मंद केल्यावर उमटले, तर झगमग आहे. हार्डवेअरचा ब्राइटनेस वर ठेवून सॉफ्टवेअरने मंद करा, किंवा डीसी डिमिंगची (चालू-बंद न करता विजेचा प्रवाह घटवून उजेड कमी करणारी) सेटिंग असेल तर चालू करा.

दोन-तीन आठवडे एवढं करूनही फरक नसेल तर नेत्रतज्ज्ञाकडून नंबर आणि अश्रूंचा थर तपासून घ्या. पण अचानक प्रकाशाचे झोत चमकणं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, नजरेवर पडदा ओढल्यासारखं वाटणं, एका डोळ्याने कमी दिसणं किंवा लाल डोळ्यासह तीव्र वेदना, ही स्क्रीनची लक्षणं नव्हेत. तेव्हा सेटिंग्ज बदलत बसू नका, त्याच दिवशी डोळे दाखवा.